गुग्गुळाची गोळी, कळण्याची भाकरी

जळगाव असो की धुळे, कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट हातात पडला की कुणीतरी सांगतंच, "गुग्गुळ सुरू करा, झाडपाल्याचं औषध, अपाय नाही." यातला 'अपाय नाही' हा भाग मला धोक्याचा वाटतो.

गुग्गुळ हा राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानातल्या काटेरी झुडपाचा डिंक. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून सशांवर प्रयोग केले, कोलेस्टेरॉल उतरलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातूनच 'गुगुलिपिड' हे औषध घडवलं. भारतातल्या चाचण्यांत गुण दिसला. पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या १०३ जणांच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ४ ते ५ टक्क्यांनी चढलं. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं ५ टक्क्यांनी उतरलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. त्याआधीच, १९९४ मध्ये, मुंबईच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की गुगुलिपिडसोबत घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयाची औषधं रक्तात कमी उतरतात. त्यामुळे गुग्गुळाच्या भरवशावर कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

वनस्पतींत खरा भरवसा आहे तो विरघळणाऱ्या तंतूंवर. इसबगोल पाण्यात टाका, काही मिनिटांत दाट, बुळबुळीत लगदा होतो. आतड्यात हाच लगदा पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. ती नव्याने बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, आणि त्यासाठी यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. डाळी-कडधान्यांतही असे तंतू असतात. २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी २६ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रोज साधारण १३० ग्रॅम कडधान्य खाणाऱ्यांचं एलडीएल सुमारे ५ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. डाळमिलांच्या जळगावात उडदाची तंतुमय साल चुनीत जाऊन गुरांपुढे पडते. ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळलेल्या कळण्याच्या भाकरीत मात्र ती ताटातच राहते. फक्त सोबतच्या ठेच्यावर तेलाची धार आणि मिठाचा हात आवरता हवा.

इसबगोल सुरू करायचं असेल तर भरपूर पाण्याबरोबर घ्यावं, आणि हृदयाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवून.