जलतरण तलावाचं वेळापत्रक कसं वाचायचं?

उन्हाळा लागला की बरेच जण एकच प्रश्न विचारतात: ‘पोहायला जायचंय, तलावावर बोर्डही लागलाय, पण त्यातली कुठली बॅच आपली?’ आजचा भाग त्या बोर्डाबद्दल आहे. सार्वजनिक तलावाचं वेळापत्रक म्हणजे नुसता तासांचा तक्ता नाही. पाणी कधी स्वच्छ असतं, जीवरक्षकाचं लक्ष कोणावर असतं आणि पाण्यात किती माणसं उतरू शकतात, हे सगळं त्यात दडलेलं असतं. ते वाचता आलं तर पैसे वाया जात नाहीत आणि जीवही धोक्यात येत नाही.

नर्मदा असताना तलाव कशाला?

जबलपूरच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. ग्वारीघाट आहे, तिलवाराघाट आहे, लम्हेटाघाट आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिथेच पोहायला शिकली. पण नदी आणि तलाव यांत मोठा फरक आहे. तलावाची खोली भिंतीवर लिहिलेली असते आणि ती रोज तेवढीच राहते. नर्मदेची तशी राहत नाही. वर बरगीचं धरण आहे. तिथून पाणी सोडलं की घाटांवर पातळी चढते, आणि काल जिथे कमरेइतकं पाणी होतं तिथे आज पाय टेकत नाहीत. भेडाघाटला संगमरवरी खडकांमधून वाहणारं पाणी वरून शांत दिसतं, पण खाली खोल आहे आणि ओढही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली. आपल्या देशात दरवर्षी 30 हजारांहून जास्त मृत्यू बुडण्यामुळे नोंदवले जातात, आणि त्यात लहान मुलं आणि तरुण पोरं खूप असतात. नदीकाठच्या शहरात पोहणं हा छंद नाही, ती गरज आहे. ते शिकायची जागा मात्र तलाव. आपल्याकडे नगर निगमचा भंवरतालचा तलाव आहे, मुंबईत शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे, पुण्यात डेक्कन जिमखान्याचा टिळक तलाव आहे. शहर कुठलंही असो, वेळापत्रकाची रचना साधारण सारखीच असते.

बोर्डावर काय लिहिलेलं असतं?

बॅच बहुतेक ठिकाणी 45 मिनिटांची किंवा एका तासाची असते. वेळ मोजली जाते ती पाण्यात उतरण्यापासून नाही, गेटमधून आत येण्यापासून. म्हणजे 6 ते 7 ची बॅच असेल तर कपडे बदलणं, शॉवर घेणं आणि बाहेर येऊन अंग पुसणं, सगळं त्याच तासात. पाण्यात मिळतात जेमतेम 40 मिनिटं. म्हणून पंधरा मिनिटं आधी पोचा. घरूनच पोशाख आत घालून आलात तर आणखी बरं.

बॅचचे प्रकार साधारण चार. सर्वसाधारण बॅच म्हणजे ज्यांना पोहता येतं त्यांची. इथे कोणी शिकवत नाही, जीवरक्षक फक्त नजर ठेवतो. शिकाऊ बॅचला प्रशिक्षक असतो आणि ती उथळ बाजूला चालते. तिसरी महिलांची. चौथी स्पर्धेच्या सरावाची, तिथे लेन बांधलेल्या असतात आणि पोरं वेगाने जातात. नवख्या माणसाने सर्वसाधारण बॅचचा पास काढला की त्याला कोणी शिकवत नाही, आणि महिना संपला तरी तो शिडी धरून उभाच. म्हणून पैसे भरण्याआधी खिडकीवर स्पष्ट विचारा: ‘या बॅचला प्रशिक्षक आहे का? किती मुलांमागे एक?’

पाचवी गोष्ट बोर्डावर बारीक अक्षरात असते: साप्ताहिक सुट्टी. सुट्टीच्या दिवशी तलाव साफ होतो. तळाला बसलेला गाळ ओढला जातो, गाळणी उलट्या पाण्याने धुतली जाते. त्यामुळे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीची पहिली बॅच म्हणजे आठवड्यातलं उत्तम पाणी. रविवार संध्याकाळ सगळ्यांत गर्दीची. ज्यांना दम्याचा किंवा त्वचेचा त्रास आहे त्यांनी हे ध्यानात ठेवून दिवस निवडावा.

दोन बॅचच्या मधली पंधरा मिनिटं

पुष्कळ लोक चिडतात, की तलाव रिकामा दिसतोय, मग आत का सोडत नाहीत? याची कारणं आहेत.

पहिलं कारण मोजदादीचं. फौजेत पाण्याच्या कामाचा पहिला नियम असा, की जेवढे उतरले तेवढे वर आले का, हे मोजल्याशिवाय पुढची तुकडी उतरत नाही. तलावावरही तेच. एक बॅच पूर्ण बाहेर, पाणी स्थिर, तळ दिसतोय, मगच पुढची आत. बॅच एकमेकींत मिसळल्या की खाली कोणी राहिलं तर कळत नाही.

दुसरं कारण पाण्याचं. थोडा हिशोब करू. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात साधारण 4 लाख 70 हजार लिटर पाणी मावतं. सगळं पाणी 6 तासांत एकदा गाळणीतून फिरवायचं तर तासाला सुमारे 78 हजार लिटर फिरलं पाहिजे. तरीही गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं, त्यामुळे एका फेरीत खरं तर दोन तृतीयांशाहूनही थोडं कमी पाणी गाळलं जातं. म्हणजे गर्दी झाली की यंत्र मागे पडतं. बॅचमध्ये माणसांची संख्या मर्यादित ठेवतात ती यासाठीच.

तिसरं कारण क्लोरीन. पाण्यात मोकळा क्लोरीन साधारण दर दहा लाख भागांत 1 ते 3 भाग, म्हणजे हजार लिटरला 1 ते 3 ग्रॅम असावा. आपल्या वरच्या तलावाला 2 ग्रॅमच्या हिशोबाने जवळपास एक किलो क्लोरीन लागतो. तो ब्लीचिंग पावडरमधून द्यायचा तर साधारण तीन किलो पावडर. पाण्याचा सामू 7.2 ते 7.8 च्या दरम्यान हवा. तो वर गेला तर तेवढाच क्लोरीन कमी काम करतो, खाली गेला तर डोळे चुरचुरतात. शिवाय उघड्या तलावात उन्हाने क्लोरीन झपाट्याने उडतो. मे महिन्यात जबलपूरचा पारा 40 च्या वर असतो, तेव्हा दुपारी तलाव बंद ठेवतात तो आळसाने नाही. त्या वेळात औषध टाकून ते पाण्यात नीट मिसळू द्यायचं असतं.

शॉवर का सक्तीचा?

तलावावर ‘क्लोरीनचा’ उग्र वास येतो तेव्हा लोक म्हणतात, औषध जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं. घाम, लघवी, अंगाचं तेल आणि क्लोरीन यांच्या संयोगातून क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा. डोळे लाल होतात तेही त्यांच्याचमुळे. म्हणजे उग्र वास हे स्वच्छतेचं लक्षण नाही, पाण्यात घाण जास्त झाल्याची खूण आहे. साबण लावून एक मिनिट अंघोळ करून उतरलात तर शंभर जणांचं पाणी वाचतं. डोक्याला तेल चोपडून येऊ नका. मुलांना आधी लघवीला नेऊन आणा. जुलाब लागलेल्या मुलाला बरं झाल्यावरही काही दिवस पाण्यात उतरवू नका.

पाण्याची परीक्षा तुम्हीही करू शकता. काठावर उभं राहून खोल बाजूचा तळ पाहा. तळाची रेघ स्वच्छ दिसत असेल तर उतरा. दिसत नसेल तर त्या दिवशी परत फिरा, पैसे गेले तरी चालतील. गढूळ पाण्यात बुडालेला माणूस जीवरक्षकालाही दिसत नाही.

पास काढताना

ओळखपत्र, फोटो आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. हा दाखला उपचार म्हणून घेऊ नका. फिट येण्याचा आजार, हृदयविकार, कानाचा पडदा फाटलेला असणं, मधुमेहासाठी इन्शुलिन, हे डॉक्टरांनाही सांगा आणि जीवरक्षकालाही. आमच्या वयाच्या मंडळींनी पहाटेची पहिली बॅच जपून घ्यावी. त्या वेळी पाणी सर्वांत गार असतं. शिडीने सावकाश उतरा, आधी पाय, मग छाती. एकदम उडी नको. डिसेंबर-जानेवारीत तापवण्याची सोय नसलेले तलाव बंद असतात. म्हणून वर्षाचा पास काढताना प्रत्यक्ष किती महिने तलाव चालू राहील ते विचारून घ्या.

महिलांच्या बॅचबद्दल जरा थांबतो. ही बॅच कित्येक ठिकाणी अशा वेळेला असते, की नोकरी करणाऱ्या बाईला ती जमत नाही आणि घर सांभाळणारीलाही नाही: मुलांची शाळा सुटायची वेळ किंवा रणरणती दुपार. मग चार जणी येतात आणि ‘प्रतिसाद नाही’ म्हणून बॅच बंद होते. नुसती कुरकुर करून हे बदलणार नाही. पंधरा-वीस जणींच्या सह्यांचा अर्ज लिहा, कोणती वेळ हवी ते नेमकं लिहा, महिला प्रशिक्षक आणि महिला जीवरक्षक मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. महिन्याचा पास सगळ्या दिवसांचा असतो, पण बायकांना सगळे दिवस येता येत नाही. तेव्हा प्रवेशागणिक तिकीट किंवा बारा वेळांचं कार्ड मिळतं का, हेही विचारा. आरती साहा यांनी 1959 साली इंग्लिश खाडी पोहून पार केली, तसं करणारी ती पहिली आशियाई महिला. आपल्या लेकीसुनांना निदान तलावाची एक लांबी तरी पार करता यायला हवी.

‘पोहता येतं’ म्हणजे काय?

उन्हाळी शिबिर संपलं की मुलगा सांगतो, मला पोहता येतं. त्याची परीक्षा घ्या. पाच गोष्टी बघा. एक, डोक्यावर पाणी असलेल्या जागी उतरून पुन्हा वर येता येतं का? दोन, एक मिनिट तरंगता किंवा जागच्या जागी पाणी मारता येतं का? तीन, पूर्ण गोल फिरून बाहेर पडायची वाट शोधता येते का? चार, तिथपर्यंत 25 मीटर पोहता येतं का? पाच, शिडीशिवाय काठावर चढता येतं का? पाचही जमलं तर तलावापुरतं पोहता येतं. नदीसाठी हे पुरेसं नाही, पण याच्याशिवाय नदीचं नावही काढू नये.

पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजा मुलांना लावू देऊ नका. आधी भराभर श्वास घेऊन बुडी मारली की श्वास घ्यावासा वाटण्याआधीच शुद्ध हरपते. चांगले पोहणारेही असे गेले आहेत.

कोणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर, मान मागे, हात पाण्यावर दाबल्यासारखे, आणि आवाज नाही. मिनिटाभराच्या आत सगळं संपू शकतं. म्हणून जीवरक्षक असला तरी लहान मुलाला हाताच्या अंतरावर ठेवा आणि मोबाइल पिशवीत ठेवा.

घाटावर कोणी बुडताना दिसलं तर शिक्षण नसताना उडी घेऊ नका. बुडणारा माणूस वाचवणाऱ्यालाच खाली दाबतो, आणि एकाच्या जागी दोन जातात. ओरडून माणसं जमवा. बांबू, दोरी, साडी पुढे करा, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, हे सगळं बंद करा, त्यात वेळ जातो. श्वास चालत नसेल तर मान मागे करून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी 30 दाब आणि 2 श्वास, मदत येईपर्यंत. दुसऱ्याला 108 किंवा 112 लावायला सांगा.

तर मंडळी, या आठवड्याचं काम सांगतो. जवळच्या तलावावर जा, बोर्डाचा फोटो काढा, आणि खिडकीवर चार प्रश्न विचारा: प्रशिक्षक कोण, एका बॅचला माणसं किती, जीवरक्षक किती, साफसफाईचा दिवस कोणता. उत्तरं समाधानकारक असतील तर घरातल्या सर्वांत लहान आणि पोहता न येणाऱ्या माणसाचं नाव आधी घाला.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या. जय हिंद.