म्हैस शोधायला गेला, शहर सापडलं

आमच्या कॉलेजची मुलं गायीची गाभण-तपासणी करताना खांद्यापर्यंत हात आत घालायला कचरत नाहीत. मारका वळू आला तरी मागे सरत नाहीत. पण आठ पानांचा इंग्रजी शोधनिबंध पुढ्यात ठेवला की तीच मुलं अंग चोरून बसतात. ‘मॅडम, इंग्रजी कच्चं आहे हो आमचं.’ पशुवैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून माझी हयात गेली. हे वाक्य मी आता या कानाने ऐकते, त्या कानाने सोडते. इंग्रजी कच्चं असतं, खोटं नाही. पण गाडी अडते ती बहुतेकदा दुसरीकडेच.

अडते ती नेमका प्रश्न मांडण्यापाशी. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘पीजीएस ५०१’ हा ग्रंथालयाचा विषय सक्तीचा आहे, पण तोवर फार उशीर झालेला असतो असं माझं मत. म्हणून पदवीच्या मुलांनाही मी शनिवारी दुपारी संगणकापाशी बसवते.

मागे लातूरकडचा एक मुलगा आला. घरच्या दोन म्हशी सारख्या उलटत होत्या, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नव्हत्या. वडिलांनी फोनवर विचारलेलं, ‘डॉक्टर होणार ना तू? मग सांग की.’ त्याने पबमेड उघडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची सगळ्यांना फुकट आहे आणि तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. त्याने ‘बफेलो इन्फर्टिलिटी’ असं टाकलं, तर म्हशींच्या जोडीला बायकांच्या वंध्यत्वाचे निबंधही निघू लागले. पोरगं गोंधळलं. न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं शहर आहे, तिथे मोठं विद्यापीठ आहे आणि पबमेडला नुसता शब्द दिला की ते लेखकांच्या पत्त्यातही तो शोधतं. शिवाय आफ्रिकेतली रानम्हैस आहे, अमेरिकी लोक ज्याला बफेलो म्हणतात तो बायसन आहे. यंत्राला लातूरची म्हैस हवीय हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग संगणक बाजूला ठेवून कागद घेतला. जनावर कोणतं, तक्रार काय, उपाय कोणता तपासायचा, तो कशाशी ताडून बघायचा? जनावराच्या जागी ‘बुबॅलस बुबॅलिस’ हे शास्त्रीय नाव आलं, शोध शीर्षक आणि सारांशापुरता मर्यादित केला आणि शहर आपोआप गळालं. तक्रारीपाशी मात्र बराच वेळ गेला. वडील ‘उलटते’ म्हणाले खरे, पण म्हैस माजावरच येत नाही, की लक्षणं न दाखवता मुका माज करते, की दाखवलेल्या माजावर रेतन होऊन पुन्हा माजावर येते? तिन्ही गोष्टी वेगळ्या, त्यांचे शोधशब्द वेगळे, उपचारही वेगळे. त्याने तिथूनच घरी फोन लावला. म्हशीच्या माजाची लक्षणं रात्री-पहाटे जास्त दिसतात आणि त्या वेळी गोठ्यात कुणी फिरकतच नव्हतं. पबमेडकडे परत वळायच्या आधीच निम्मं उत्तर हाताशी आलं होतं.

बारीकसारीक गोष्टीही नडतात. माजाला ‘ईस्ट्रस’ लिहिताना ब्रिटिश पद्धतीत आधी ‘ओ’ येतो, अमेरिकी पद्धतीत तो गळतो. दोन्ही रूपं मध्ये ‘ऑर’ घालून दिली नाहीत तर कामाचे निबंध निसटू शकतात. हा ‘ऑर’ मोठ्या लिपीतच लिहायचा, पबमेडचा तसा हट्ट आहे. आणि आपल्याकडची बरीच पशुवैद्यकीय नियतकालिकं पबमेडमध्ये नाहीतच. मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हशीवरचं काम हवं तर कॅब अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स ही सूची, आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) नियतकालिकं आणि प्रबंधांसाठी कृषिकोश हे भांडार धुंडाळावं लागतं. हल्ली काही जण एआयकडून संदर्भयादी काढून आणतात. लेखक, वर्ष, पानं, सगळं झोकात. निबंध मात्र जगात कुठेच नसतो. अशांशी मी वाद घालत नाही, एकेक निबंध उघडून दाखवायला लावते.

आता इंग्रजीकडे येऊ. निबंधांतलं इंग्रजी मुलांना वाटतं त्यापेक्षा फार लहान आहे. ठरावीक क्रियापदं, ठरावीक साचे. मुलं घाबरतात ती नामांच्या आगगाडीला. ‘मिल्क सोमॅटिक सेल काऊंट’ दिसलं की पहिल्या डब्यापासून मोजायला लागतात. मी विचारते, दहावीत तत्पुरुष समास केला होता ना? त्यात दुसरं पद प्रधान असतं. इथेही शेवटून सुरू कर. संख्या. कशाची? पेशींची. कुठल्या? कायिक. कशातल्या? दुधातल्या. व्याकरणाच्या तासाला झोपलेली पोरंही इथे चटकन जागी होतात.

आणि निबंध कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून वाचायचा नाही. सारांश वाचला की थेट तक्ते बघायचे, मग पद्धती. जनावरं किती, कुठली, तुलनेचा गट होता का? युरोपातल्या होल्स्टीन गायींवरचा निष्कर्ष आपल्या संकरित गायीला जसाच्या तसा लावता येईलच असं नाही. सुप्त कासदाहासाठी गायीच्या दुधात मिलीलिटरला २ लाख पेशी ही मर्यादा सर्रास धरतात. म्हशीला तीच लावण्याआधी म्हशीवरचा निबंध वाचलाच पाहिजे. लेखकांची चर्चा सगळ्यात शेवटी, आपलं मत बनल्यावर.

असं वाचायला शिकवण्यासाठी माझा आवडता निबंध २००४ सालचा, ‘नेचर’मधला. पाकिस्तानातली गिधाडं का मरताहेत, याचं उत्तर लिंडसे ओक्स या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यात दिलं. जनावरांना टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे कारण, असं शीर्षकातच आहे. मी मुलांना विचारते, ‘कारण’ म्हणायची यांची हिंमत कशी झाली? मग पेन्सिली घेऊन शोधाशोध सुरू होते. मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांपैकी २५ मध्ये औषधाचे अंश सापडले. तसा बिघाड नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. इथवर नुसता ‘संबंध’ दिसतो, बरेच निबंध इथेच थांबतात आणि ‘मे’, ‘सजेस्ट’ अशी जपून क्रियापदं वापरतात. या मंडळींनी पुढे पाळलेल्या गिधाडांना ते औषध आणि औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊ घातलं. तोच आजार उद्भवला. मगच ‘कारण’ हा शब्द आला. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली, मेलोक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला. लंगडणाऱ्या बैलाला घरी डायक्लोफिनॅक टोचलेलं काहींनी लहानपणी पाहिलेलं असतं. ती मुलं हा निबंध वाचताना गप्प होतात.

एक अडचण उरतेच. कॉलेजात असेपर्यंत संस्थेच्या वर्गणीमुळे महागडी नियतकालिकं उघडतात, पुढे तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी लागली की ते दार बंद. म्हणून पबमेड सेंट्रलमधले मोफत निबंध कसे काढायचे ते मी आधीच शिकवते, आणि लेखकाला दोन ओळींची ईमेल लिहून प्रत मागायलाही. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने तशी इटलीतल्या एका लेखिकेकडे म्हशींच्या मुक्या माजावरच्या निबंधाची प्रत मागितली. प्रत आलीच, वर प्रश्नही आला: तुमच्याकडच्या पंढरपुरी म्हशींवर असं काम कुणी केलंय का? आमच्या बाईसाहेब सध्या कृषिकोशात प्रबंध उपसतायत, आणि शनिवारची वाट न बघता रोजच माझ्या टेबलापाशी हजर असतात.