आपलं आपण कमावणारं जंगल

कोरपन्याहून बल्लारपूरला निघालं की गडचांदूर, मग राजुरा, मग वर्धा नदीचा पूल. अर्ध्या वाटेपर्यंत सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या दिसत राहतात आणि रस्त्याकडेच्या कपाशीवर धूळ बसलेली असते. दक्षिणेला माणिकगडाचे डोंगर आहेत, कोलाम आणि गोंडांचे पाडे आहेत. इथे चुनखडीही जंगलाच्या पोटात आहे आणि कोळसाही. पूल ओलांडून बल्लारपुरात शिरलं की कागद कारखाना लागतो, आणि त्याच गावात महाराष्ट्र वन विकास महामंडळाचा लाकूड डेपो.

डेपोत सागाचे लठ्ठे थप्प्या लावून ठेवलेले असतात. प्रत्येक लठ्ठ्यावर क्रमांक असतो, लांबी आणि गोलाईची नोंद असते, हातोड्याने उठवलेला ठसा असतो. कागद जुळवत गेलं तर कुठल्या कुपातला, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या कुठल्या पट्ट्यातला, लठ्ठा आहे इथवर माग लागतो. मार्च 2023 मध्ये याच डेपोतून आलापल्लीच्या रानातला साग अयोध्येच्या राममंदिरासाठी रवाना झाला. तेव्हा बल्लारपूर आणि चंद्रपुरात शोभायात्रा निघाल्या, काष्ठपूजन झालं. नव्या संसद भवनातही इथलंच सागवान आहे. आपल्या जिल्ह्यातलं लाकूड तिथे लागलं याचा इथल्या माणसाला अभिमान वाटतो, मलाही वाटला. पण ज्या संस्थेने हे लाकूड विकलं ती कशासाठी जन्माला आली, हे त्या मिरवणुकीत कुणाच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

महामंडळ स्थापन झालं 1974 साली, मुख्यालय नागपूर. त्याआधी दोन वर्षं, 1972 मध्ये, राष्ट्रीय कृषी आयोगाने आपल्या अंतरिम अहवालात मांडलं होतं की देशाची लाकडाची गरज वाढते आहे, सरकारच्या तिजोरीतून जंगलात पुरेसा पैसा येत नाही, तेव्हा राज्यांनी महामंडळं काढावीत. कंपनी असली की बँकेकडून कर्ज मिळतं. कर्जावर रोपवनं उभी करायची, तोडीच्या उत्पन्नातून कर्ज फेडायचं, उरलेल्यातून पुढची रोपवनं. म्हणजे खर्चाला हात आखडणाऱ्या तिजोरीवर काढलेला तो तोडगा होता. जंगलाने आपलं आपण कमवावं, ही या संस्थेची पायाभरणी. आज सुमारे साडेतीन लाख हेक्टर रान तिच्या ताब्यात आहे, आणि त्यातला मोठा वाटा आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचा. जमिनीची मालकी मात्र सरकारचीच, म्हणजे तुमची-माझी.

कमवायचं ठरलं की कमाईची झाडं लावावी लागतात. मिश्र जंगलाचा पट्टा पूर्ण तोडून तिथे सागजड्या, म्हणजे मुळासकट छाटलेली सागाची रोपं, लावायच्या, ही सुरुवातीची पद्धत. सरकारी हिशेबात धावडा, मोवई, साजा, तेंदू, चार ही ‘मिश्र’ झाडं, कमी किमतीची. गावाच्या हिशेबात तेंदूची पानं म्हणजे मे महिन्याची मजुरी, चाराची चारोळी म्हणजे बाजारातलं मीठ-तेल, मोहफूल म्हणजे पावसाळ्याचा आधार. एकट्या सागाच्या रानात ढोरांना चाराही धड मिळत नाही. म्हणून तोडीला गावागावांतून विरोध झाला, आणि तो विरोध मला रास्त वाटतो. पुढे 1980 चा वनसंवर्धन कायदा आला. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने तर थेट सांगितलं की वनांचं पहिलं काम पर्यावरणाचा समतोल राखणं, आर्थिक लाभ त्यानंतर. महामंडळाच्या पायाखालची जमीन तिथेच सरकली. कमवायचं तर आहे, पण मनाला येईल तसं तोडता येत नाही. मग संस्था इतर कामांकडे वळली: रोपवाटिका, वनपर्यटन, आणि नागपूरजवळचं गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय, जे 26 जानेवारी 2021 रोजी सुरू झालं.

महामंडळात जीव ओतून काम करणारी माणसं आहेत, हे आधी सांगितलं पाहिजे. चांगलं रोपवन पाहिलं की ते कळतं. विरळणी कधी करायची, कुठलं झाड राखायचं, कुठलं काढायचं, हे ज्ञान पिढ्यांनी कमावलेलं आहे. साग पक्व व्हायला साठ ते ऐंशी वर्षं लागतात. लावणारा अधिकारी तोड पाहायला नोकरीत नसतो, बहुधा जगातही नसतो. इतका लांबचा विचार करणारं दुसरं सरकारी खातं कुठलं?

अडचण आहे ती पैशाच्या पंचांगाची. सरकारचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि 1 एप्रिलला उजाडतं. रानाचं वर्ष तसं चालत नाही. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरला जातो. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे पट्टे, साफ करून जाळाव्या लागतात. त्यासाठीचा निधी मार्चअखेर आला तर तोवर पानगळ होऊन पाचोळा गुडघाभर साचलेला असतो, मोहफुलांसाठी झाडाखालची जागा साफ करताना लावलेली ठिणगी पसरलेली असते. रोपवनाचे खड्डे उन्हाळ्यात खणायचे असतात, नेमकं तेव्हाच नव्या वर्षाचं अनुदान मंजुरीच्या वाटेवर असतं. लावणी पावसाच्या पहिल्या सरींबरोबर व्हायला हवी; महिना उशीर झाला की जडी धरते, पण मूळ खोल जात नाही आणि एप्रिलचं ऊन तिला सोसत नाही. कपात झाली की सगळ्यात आधी जातो तो हंगामी मजूर, फायर वॉचर, निंदणीवरच्या बाया. त्यांच्या जाण्याची बातमी होत नाही. वर्षभराने टेकडी काळी दिसते, तेव्हा कारण विचारलं जातं ते उन्हाळ्याला.

कोरोनाच्या वर्षी, 4 मे 2020 रोजी, राज्य सरकारने विकासकामांच्या खर्चात 67 टक्के कपात जाहीर केली. एकूण तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळणार होता. संकट खरं होतं, दवाखान्यांना पैसा हवा होता, त्यावर वाद नाही. पण त्याच्या लगेच आधी राज्याने वृक्षलागवडीची मोठी मोहीम राबवली होती: 2016 ला 2 कोटी झाडं, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटींचं लक्ष्य. 2019 च्या पावसाळ्यात लावलेलं रोप मे 2020 मध्ये वर्षाचंही नव्हतं. त्याला पाणी, निंदणी, कुंपण हवं असतानाच तिजोरी आवळली गेली. लावणीच्या दिवशी मंत्री येतात, छायाचित्र निघतं. तिसऱ्या वर्षीच्या निंदणीला कुणी येत नाही, आणि रोप जगतं ते त्या निंदणीवर.

पैसा अजिबात नाही असंही नाही. वनजमीन खाणीला, धरणाला, रस्त्याला वळती झाली की वापरणाऱ्याकडून भरपाई घेतली जाते. तो कॅम्पा निधी. त्यासाठी 2016 मध्ये कायदा झाला. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने राज्यांना 47,436 कोटी रुपये दिले, महाराष्ट्राच्या वाट्याला 3,844 कोटी आले. रक्कम मोठी आहे. पण ती जमते कशी ते पाहा. नियमित तरतूद आखडती घ्यायची आणि जंगल या निधीवर चालवायचं, तर जंगल राखायला पैसा हवा म्हणून जंगल जाणं भाग पडेल. कोळसा आणि चुनखडीच्या या पट्ट्यात राहणाऱ्याला ही भीती पुस्तकी वाटत नाही.

इंग्लंडमध्ये सरकारने काटकसरीच्या काळात सार्वजनिक वनं विकायची योजना आखली होती. पाच लाखांवर लोकांनी सह्या केल्या आणि फेब्रुवारी 2011 मध्ये सरकारला ती मागे घ्यावी लागली. आपल्याकडे विक्रीची पाटी लागत नाही, म्हणून सह्यांची वेळही येत नाही. रान हेक्टर-हेक्टरने कमी होतं आणि बीट गार्डची जागा रिकामीच राहते. 2022 मध्ये गडचिरोलीच्या कमलापूरच्या हत्तींना गुजरातला हलवायची तयारी झाली, तेव्हा मात्र लोक उठले. लाकूड ओढायला आणलेल्या या हत्तींचं काम केव्हाच संपलं होतं. कमाई नाही, खर्च आहे. तरी गावांनी सांगितलं, हत्ती आमचे आहेत, इथेच राहतील. कमलापूरचे हत्ती राहिले.

कपातीच्या बातम्या वाचताना मला पाचगाव आठवतं. गोंडपिपरी तालुक्यातलं हे छोटं गाव, 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं, हजारभर हेक्टर रानाचं. त्याआधी 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 1,809 हेक्टरचा हक्क मिळाला होता आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. ज्या बांबूसाठी कागद कारखाना वर्षानुवर्षं सरकारशी सवलतीचे करार करत आला, तो बांबू गावाने स्वतः कापला, स्वतः लिलाव केला. पाचगावने त्यापुढे जाऊन तेंदूपत्ता तोडायचंच बंद केलं. पानं चांगली फुटावीत म्हणून फांद्या छाटाव्या लागतात, आग लावावी लागते, आणि त्याने रान खराब होतं, हा त्यांचा विचार. तेंदूचे पैसे या भागात हातात पडणारी सर्वांत मोठी रोकड असते, ती सोडली. शिवाय रानाचा एक तुकडा त्यांनी कुणीही हात लावायचा नाही म्हणून राखून ठेवला आहे. जाळरेषा तिथेही लागते, पण तिच्यासाठी मार्चअखेरची वाट पाहावी लागत नाही. ग्रामसभा बसते आणि दुसऱ्या दिवशी माणसं निघतात.

महामंडळाची साडेतीन लाख हेक्टर रानं अशी गावांच्या हाती द्यावीत का? सगळी, एका फटक्यात, असं मी म्हणणार नाही. रोपवनांचं शास्त्र, नोंदी, डेपोची व्यवस्था हे पन्नास वर्षांचं धन आहे. पण रानातल्या माणसाला मजूर म्हणून बोलवायचं आणि पैसा आटला की घरी पाठवायचं, ही रीत बदलली पाहिजे. तोडीच्या उत्पन्नात त्याचा वाटा ठरला, जाळरेषेचा पैसा जानेवारीत त्याच्या ग्रामसभेच्या खात्यात पडला, तर तो वणवा विझवायला हजेरीपटाची वाट पाहणार नाही.

आलापल्लीजवळ 6 हेक्टरचा एक तुकडा 1953 पासून राखलेला आहे. त्याला वनवैभव म्हणतात. तिथल्या सागांना कवेत घ्यायला दोन माणसं लागतात. त्यातून 70 वर्षांत सरकारला एक लठ्ठा मिळालेला नाही. आणि महामंडळाने पहिल्या काही वर्षांत लावलेले साग आता पन्नाशीला आले आहेत, तोडीला अजून अवकाश आहे. येत्या पावसाळ्यात जी जडी मातीत जाईल तिचा लठ्ठा बल्लारपूरच्या डेपोत येईल तेव्हा हे शतक संपत आलेलं असेल. त्याआधी, पहिल्याच वर्षी, तिला दोन-तीन निंदण्या लागतात. पहिली ऑगस्टमध्ये.