उपासाने हाडांतली चरबी घटत नाही

ब्लड कॅन्सरचे निदान झाले की पवनार-सेवाग्राम पट्ट्यातही एक सल्ला न मागता मिळतो: तूप-तेल तोडा, उपास धरा, कॅन्सर उपाशी मरेल. हल्ली त्याला विज्ञानाची जोडही दिली जाते. हाडांच्या मगजातली चरबी ल्युकेमियाला, म्हणजे ब्लड कॅन्सरला, पोसते, हे सिद्ध झालंय म्हणे!

तेवढे खरे आहे. ॲक्युट मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी शेजारच्या चरबीपेशींतली मेदाम्ले ओढून घेतात आणि त्यांवर वाढतात, हे ब्रिटिश संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ब्लड’ या नियतकालिकात मांडले. चरबीपेशी डॉनोरुबिसिन हे केमोचे औषध शोषून निकामी करतात, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे.

पण म्हणून उपास? मगजातली चरबी म्हणजे पोटावरची चरबी नव्हे. ती काटक माणसातही असते आणि वयाबरोबर वाढते. अन्न तुटले की अंगावरची चरबी झडते, मगजातली उलट वाढते! ॲनोरेक्सियाने, म्हणजे अन्न टाळण्याच्या आजाराने, खंगलेल्या स्त्रियांच्या तपासण्यांत हेच आढळले. म्हणजे जिला मारायला निघालात, तिलाच उपासाने बळ देताय. आणि रुग्णाची केमो सोसण्याची ताकद जाते ती वेगळीच.

लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी उष्मांक घटवून पाहिले, हा दाखला उपासाच्या बाजूने दिला जातो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १० ते २१ वयाचे ४० रुग्ण होते, आजार ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मोजके उष्मांक कमी केले, व्यायाम दिला, केमो चालूच ठेवली. उरलेल्या कॅन्सरपेशींचे प्रमाण घटले, ही आशेची गोष्ट आहे. पण उपाशी कुणालाच ठेवले नव्हते.

आणि कृपा करून यात विनोबा भावे यांना ओढू नका. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात त्यांनी अन्नाबरोबर औषधही सोडले. तो देह ठेवण्याचा निर्णय होता, आजारावरचा इलाज नव्हता.

उपासासारखेच आणखी काही गैरसमजही दूर करू. कमरेच्या हाडातून मगजाचा नमुना घेतल्याने लकवा होत नाही. सुई मज्जारज्जूच्या जवळही जात नाही. दात्याने दिलेला मगज काही आठवड्यांत भरून येतो. ल्युकेमिया एका ताटात जेवल्याने पसरत नाही.

केमो चालू असलेल्याला ताजे, नीट शिजवलेले वरण-भात, अंडी, उसळ खाऊ द्या. भाकरीवरचे चमचाभर तूप डॉक्टरांनी बंद केले नसेल, तर तुम्हीही करू नका. वजन उतरत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात, जिथे उपचार चालू असतील तिथे, लगेच सांगा.