दोर नंतर घ्या

पावसाळा सरला, डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं की ट्रेकर मंडळींत एक प्रश्न हमखास फिरतो: "क्लाइंबिंग सुरू करायचंय, रोप कुठला घेऊ?" उत्तरंही तयार असतात. कुणी जाडी सांगतो, कुणी ब्रँड, कुणी ओळखीच्या दुकानाचा नंबर. "शिकलायस का कुठे?" असं विचारणारा एखादाच निघतो, आणि तो खवचट ठरतो.

विचारणाऱ्याचा दोष नाही. या खेळातले गैरसमज टिकतात त्याचं कारण खेळाच्या स्वभावातच आहे. पोहता येत नसेल तर पाणी लगेच सांगतं; कातळ सांगत नाही. गाठ अर्धवट असते, बिले देणाऱ्याचा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याचा, हात भलतीकडे असतो, सगळा भार एकाच गंजक्या बोल्टवर असतो, पण चढणारा पडलाच नाही तर सारं सुखरूप पार पडतं. मंडळी खाली येतात, चहा पितात आणि आपल्याला जमलं असं समजून घरी जातात. अशी दहा वर्षंसुद्धा निघतात. म्हणून इथे अनुभव आपोआप शहाणपण देत नाही. चूक दाखवणारं कुणीतरी शेजारी उभं असावं लागतं.

"दोर मजबूत असला की झालं"

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. क्लाइंबिंगचे दोर मुख्यतः दोन जातींचे. डायनॅमिक दोर झटका बसला की लांबतो, स्टॅटिक दोर जवळजवळ लांबत नाही. दिसायला दोन्ही सारखेच: वरून विणलेलं कवच, आत नायलॉनच्या पिळांचा गाभा. ड्यूक्स नोजला किंवा पावसाळी धबधब्यावर रॅपलिंगच्या कार्यक्रमात तुम्ही हाताळलेला दोर बहुधा स्टॅटिक असतो. नवख्याला तोच ओळखीचा वाटतो आणि ताणत नाही म्हणून जास्त भक्कमही वाटतो. उतरायला तो उत्तम आहे. त्याच्यावर लीड, म्हणजे दोर स्वतःबरोबर वर नेत आणि वाटेत अडकवत चढणं, मात्र करायचं नाही.

पडणाऱ्या माणसाला थांबवायचं म्हणजे त्याच्या पडण्याची ऊर्जा कुठेतरी जिरवायची. डायनॅमिक दोर लांबून ती पोटात घेतो. ईएन ८९२ या युरोपीय मानकाच्या चाचणीत सिंगल दोराला ८० किलोचं वजन बांधून मुद्दाम वाईट पद्धतीने पाडतात. दोराने असे किमान ५ फॉल सोसावे लागतात आणि पहिल्या फॉलचा झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. ढोबळ मानाने हा १,२०० किलोंचा भार झाला. चाचणीत दोराला ४० टक्क्यांपर्यंत लांबायची मुभा असते. स्टॅटिक दोराचं मानक वेगळं, ईएन १८९१. त्यातल्या ए प्रकाराला किमान २२ किलोन्यूटन ताकद लागते आणि नेहमीच्या भाराखाली तो ५ टक्क्यांच्या वर लांबलेला चालत नाही. म्हणजे कागदावर दोन टन पेलणारा हा दोर पडणाऱ्याला अडवेल, तुटणारही नाही. पण न जिरलेला झटका जाईल तो कमरेच्या हार्नेसमधून शरीरात आणि वरच्या बोल्टमध्ये. बोल्टला तर जास्तच, कारण त्याच्यावर एका बाजूने पडणारा आणि दुसऱ्या बाजूने बिले देणारा असे दोघं ओढत असतात.

हार्डवेअरच्या दुकानातली निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी या चर्चेत येतच नाही. तीच गोष्ट रस्त्यावर मिळणाऱ्या रंगीत किचेन कॅराबिनरची. खऱ्या कॅराबिनरवर त्याची ताकद कोरलेली असते: लांबीच्या दिशेने साधारण २० किलोन्यूटन किंवा जास्त, पण आडवा फिरला किंवा तोंड उघडं राहिलं की ७-८ वर येते. हा आकडा वाचता येणं आणि कॅराबिनर आडवा फिरू नये म्हणून तो कसा लावायचा हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदार पहिली सांगतो.

"सॅकमध्ये दोर आहे, अडलं तर काढू"

किल्ल्यावरच्या अवघड टप्प्यांवर हे दृश्य नेहमीचं. वर पोचलेला एक जण दोर झाडाला किंवा दगडाला गुंडाळतो, खालचे तो हातात धरून चढतात. घामेजलेल्या तळव्यात दहा मिलिमीटरचा दोर पकडून ठेवणं किती कठीण असतं, ते पाय सुटल्यावरच कळतं. हातात धरलेला दोर हा आधार आहे, सुरक्षा नव्हे. सुरक्षा म्हणजे चढणारा दोराला बांधलेला असणं, दुसरं टोक पकडणारा माणूस स्वतः अँकरला, म्हणजे कातळातल्या पक्क्या आधाराला, बांधलेला असणं आणि तो अँकर दोघांना पेलणारा असणं. यातलं एकही शिकलेलं नसेल तर त्या दोराने फक्त सॅक जड होते आणि गटाला एरवी आली नसती अशी हिंमत येते. हे दुसरं जास्त वाईट.

"रॅपलिंग केलंय, म्हणजे निम्मं येतं"

कार्यक्रमातलं रॅपलिंग तुम्ही करत नसता, तुमच्याकडून करवून घेतलं जातं. अँकर दुसऱ्याने लावलेला, उपकरण दुसऱ्याने अडकवलेलं, आणि आयोजक जबाबदार असेल तर वरून एक वेगळा सुरक्षा दोरही बांधलेला. स्वतःच्या हिमतीवर उतरताना यातलं काही नसतं. चढताना दोर बहुतेक वेळ नुसता लोंबत असतो, उतरताना मात्र अख्खं वजन पहिल्या पावलापासून अँकरवर. फोटोसाठी उड्या मारत उतरणारे तोच अँकर पुन्हा पुन्हा झटक्याने ओढत असतात.

दोराचं टोक ही आणखी एक साधी गोष्ट. २०१९ मध्ये मेक्सिकोतल्या एल पोत्रेरो चिको इथे ब्रॅड गोब्राइट हा नामांकित अमेरिकी क्लाइंबर रॅपल करताना दोराच्या टोकावरून निसटला आणि मरण पावला. टोकाला गाठ नव्हती. दोराविना एल कॅपिटानचा कडा चढणारा अॅलेक्स होनोल्डही २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका सोप्या मार्गावरून खाली सोडला जाताना पडला. दोर उंचीला पुरेसा नव्हता, टोक बिले उपकरणातून सटकलं, आणि त्याच्या मणक्यांना इजा झाली. दोराच्या टोकाला गाठ मारायला अर्धं मिनिट लागतं आणि एक पैसाही लागत नाही.

"जितकं उंच, तितका धोका"

डोळ्यांना तसं दिसतं खरं, पण गणित वेगळं आहे. फॉल किती कठोर, हे पडण्याची लांबी भागिले मोकळा सोडलेला दोर यावर ठरतं. हा फॉल फॅक्टर. समजा तुम्ही शेवटच्या बोल्टच्या ५ मीटर वर आहात आणि बिले देणाऱ्यापासून तुमच्यापर्यंत ४० मीटर दोर सुटलेला आहे. पडलात तर १० मीटर पडाल, पण ती झळ ४० मीटर दोरात वाटली जाईल: ०.२५. आता सुळक्याच्या मधल्या स्टेशनवरून, म्हणजे बिले देणारा अँकरला बांधून थांबतो तिथून, निघून ५ मीटर चढलात आणि वाटेत कुठेच दोर अडकवला नाहीत. पडणं तेवढंच, १० मीटर. दोर मात्र ५ मीटर. फॅक्टर २, म्हणजे नेहमीच्या चढाईत शक्य असलेला सर्वांत वाईट. म्हणूनच जाणते लोक स्टेशन सोडलं की पहिल्या दोन-तीन मीटरांतच काहीतरी अडकवतात. जमिनीजवळचे पहिले बोल्ट तर आणखी फसवे, कारण तिथे दोर लांबून पूर्ण ताणायच्या आत जमीन येते.

"बिले म्हणजे खाली उभं राहून दोर धरायचा"

हे काम नेहमी गटातल्या सर्वांत नवख्याला देतात, आणि ते उलट आहे. बिले देणाऱ्याचा एक हात उपकरणाच्या खालच्या, सैल दोरावर असतो. दोर देताना, ओढून घेताना, माशी उडवताना, फोन वाजला तरी तो हात दोरावरून सुटत नाही. सरकवायचाच असेल तर आधी दुसरा हात दोरावर येतो, मग हा सरकतो. वाचायला तीन वाक्यं लागतात, हाताच्या अंगवळणी पडायला आठवडे. शिवाय आपल्यापेक्षा वीस किलोंनी जड माणूस पडला की बिले देणारा स्वतः उचलला जातो, आणि हे माहीत नसेल तर त्या क्षणी दचकून दोर सोडला जातो. चांगल्या वर्गात दोराला वजन बांधून वरून सोडतात आणि ते थांबवायला लावतात. ते एकदा केलं की बिले देताना गप्पा आपोआप बंद होतात.

"गाठी काय, व्हिडिओ बघून येतात"

येतात. हा गैरसमज अर्धा खराच आहे. आठाची गाठ घरी खिडकीच्या गजाला बांधून शिकावी. दुहेरी आठ नीट पडला की समांतर जाणाऱ्या पाच जोड्या मोजता येतात, आणि वर शेपूट किमान वीतभर उरतं. पण गाठ बांधता येणं आणि ती दर वेळी पुरी बांधली जाणं यात फरक आहे. लिन हिल ही १९८९ मध्ये जगातल्या अव्वल क्लाइंबरांपैकी एक होती. फ्रान्समधल्या ब्यू इथे तिची गाठ अर्धवट राहिली. वर पोचून तिने दोरावर भार टाकला आणि ती वीसेक मीटर खाली आली. मधल्या झाडामुळे वाचली. म्हणून जोडीदाराने जोडीदाराची गाठ, बकल, कॅराबिनरचा स्क्रू हाताने चाचपून बघायचा, रोज, प्रत्येक चढाईआधी. "मला काय शिकवतोस" असा स्वभाव असलेल्या माणसाबरोबर चढू नये, हे माझं वैयक्तिक मत.

"जिममधल्या भिंतीवर चढतो, सुळकाही चढेन"

भिंतीवरचा होल्ड नटबोल्टने कसलेला असतो. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हाच्या थरांचा. काही थर पोलादासारखे, काही भुसभुशीत, मध्येच घसारा आणि वाळलेलं गवत. होल्डवर भार टाकण्याआधी बोटांनी ठोकून बघावं लागतं. पोकळ आवाज आला तर तो सोडायचा. खाली ओढलेला दगड टिकतो, तोच बाहेर ओढला तर हातात येतो. दगड सुटलाच तर जीव तोडून "दगड!" ओरडायचं आणि खालच्याने वर न बघता कातळाला चिकटायचं. कड्यांच्या पोटात आग्या मोहोळं असतात. त्यांच्या खाली आरडाओरडा, धूर आणि सुगंधी अत्तर नको. जुने बोल्ट आणि मेखा पावसाळ्यामागून पावसाळे खाऊन गंजलेल्या असतात, आणि गंज बाहेर दिसतो त्याहून आत जास्त असतो.

"चांगलं सामान एकदाच घ्यावं"

टॉड स्किनर हा मुरलेला क्लाइंबर २००६ मध्ये योसेमिटीत झिजलेल्या हार्नेसचा बिले लूप (उपकरण अडकवायचा पुढचा फास) तुटून मरण पावला. कापडी सामान न वापरताही जुनं होतं; बहुतेक कंपन्या कमाल दहा वर्षं सांगतात, नियमित वापरात त्याहून बरीच कमी. गाडीच्या डिकीतलं बॅटरीचं ॲसिड नायलॉनला खातं आणि बाहेरून काही दिसतही नाही. दर चढाईनंतर दोर बोटांतून पूर्ण सरकवत न्यायचा. कुठे मऊ पडला, चपटा लागला, आत गाठोळी लागली तर तो भाग गेला. सेकंडहँड दोर फुकट मिळाला तरी नको.

मग शिकायचं कुठे? मुंबईत गिरिविहार, पुण्यात गिरिप्रेमी अशा जुन्या संस्था आहेत. मुंब्रा आणि बेलापूरच्या कातळांवर मुंबईकरांच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या. २०१६ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषकाची एक फेरी नवी मुंबईत झाली, आणि बोल्डरिंगला तर दोर लागतच नाही: खाली जाड गादी, मागे सावध साथीदार, हातापायांना भरपूर शिक्षण. महिना काढता येत असेल तर दार्जिलिंगची १९५४ मधली हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट किंवा उत्तरकाशीची १९६५ मधली नेहरू गिर्यारोहण संस्था. त्यांच्या मूलभूत अभ्यासक्रमात कातळ, बर्फ आणि हिम तिन्ही येतं. कोर्स संपला म्हणजे लगेच वजीर सुळक्याला लीड करायची पात्रता आली, असं मात्र त्या संस्थाही म्हणत नाहीत.

वर्ग निवडताना फीच्या आधी काही विचारा. अँकर किती बिंदूंवर असतो? रॅपलिंगला वेगळा सुरक्षा दोर असतो का? विद्यार्थ्याला अँकर स्वतः बांधायला देऊन मग तपासता का? शेवटच्या प्रश्नावर वैतागणारा प्रशिक्षक टाळा.

वर्ग सुरू असताना सामान संस्थेचं वापरा. पहिली खरेदी बुटांची. बसतात की नाही हे दुसरा कुणी सांगू शकत नाही, आणि त्यांच्यावर जीव टांगलेला नसतो. मग हेल्मेट, ते गिर्यारोहणाचं. बांधकामाच्या हेल्मेटचा पट्टा ठरावीक ओढीला मुद्दाम सुटतो. मग हार्नेस, त्यात लटकून पाहूनच. दोर सगळ्यांत शेवटी, कायमचा जोडीदार ठरल्यावर, दोघांत मिळून. आणि तो आणल्या दिवशीच त्याच्या पिशवीत एक छोटी वही टाका: खरेदीची तारीख, कुठे वापरला, किती मोठे फॉल झाले, कुठल्या धारेवर घासला. उसना मागायला आलेल्या मित्राला नाही म्हणताना ती वही फार उपयोगी पडते.