मालाच्या फोटोसाठी कोणता कॅमेरा घ्यावा : खिशातला की मिररलेस?

धंद्यात माल चोख असणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो गिऱ्हाइकाला जसा आहे तसा दिसणेही महत्त्वाचे. पूर्वी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असे, कापड चिमटीत धरून पाहत असे, वाद्याची तार छेडून पाहत असे. आज परगावचा आणि परदेशचा खरेदीदार आधी फोटो मागतो आणि फोटो पसंत पडला तरच बयाणा पाठवतो. फोटोत रंग एक आणि पार्सलात दुसरा निघाला की माल परत येतो, जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडते आणि नाव खराब होते ते वेगळेच. म्हणून कॅमेरा ही आता कारागिराच्या हत्यारांपैकी एक वस्तू झाली आहे. हत्यार घेताना आपण जसा विचार करतो, तसाच विचार कॅमेरा घेतानाही करायला हवा.

बाजारात साधारणपणे दोन प्रकारचे कॅमेरे पुढे ठेवले जातात. एक म्हणजे अल्ट्राकॉम्पॅक्ट, म्हणजे सदऱ्याच्या खिशात मावणारा लहान कॅमेरा. याची लेन्स अंगालाच जोडलेली असते, बटण दाबले की बाहेर येते आणि बंद केला की आत जाते. दुसरा मिररलेस. याची लेन्स काढता व बदलता येते. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेले चित्र डोळ्यापर्यंत नेण्यासाठी एक आरसा बसवलेला असे. तो आरसा काढून टाकून चित्र थेट सेन्सरवरून पडद्यावर दाखवायचे, ही मिररलेसची रचना. पॅनासॉनिकने २००८ साली ल्युमिक्स जी १ हा बदलत्या लेन्सचा असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. आज मोठ्या कंपन्यांचे लक्ष याच प्रकाराकडे आहे.

खिशातल्या कॅमेऱ्याची गोष्ट उलट झाली. मोबाइलने त्याची जागा घेतली. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही आत आला. या घसरणीत सर्वात मोठा वाटा लहान कॅमेऱ्यांचा होता. तरी हा प्रकार संपलेला नाही. कॅननने २०१६ साली आणलेले इक्सस २८५ हे मॉडेल २०२५ मध्ये थोड्या फरकाने पुन्हा बाजारात आणले. म्हणजे प्रश्न अजून शिल्लक आहे. आपल्या धंद्याला यांतला कोणता परवडतो आणि कोणता उपयोगी पडतो?

मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये

दुकानदार प्रथम मेगापिक्सेल सांगतो. हा आकडा आमच्या मते सर्वात कमी महत्त्वाचा आहे. ए-फोर कागदावर पूर्ण पानभर उत्तम छपाई करायची तर २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू पुरतात. इंटरनेटवर माल दाखवायला २,००० गुणिले २,००० म्हणजे ४० लाख बिंदू भरपूर झाले. आज लहान कॅमेराही दोन कोटी बिंदूंचा मिळतो. तेव्हा या बाबतीत दोघेही गरजेपेक्षा जास्तच देतात.

खरा फरक सेन्सरच्या आकारात आहे. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर परातीत जास्त पाणी साठते. प्रकाशाचेही तसेच आहे. बहुतेक अल्ट्राकॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर असतो, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. मध्यम प्रकारच्या मिररलेसमध्ये, ज्याला एपीएस-सी म्हणतात, तो सुमारे २३.५ गुणिले १५.६, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटर असतो. हा फरक तेरापट आहे. उजेड कमी झाला की लहान कॅमेऱ्याच्या फोटोत दाणे दिसू लागतात, काळ्या भागातले बारकावे पुसले जातात. मोठा सेन्सर तेथे टिकून राहतो.

पण येथेच एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. लग्नाचा हॉल अंधारा असेल तर आपल्या हाती काही नसते. आपला माल मात्र आपल्या दुकानात असतो आणि तो हलत नाही. तो खिडकीपाशी नेता येतो, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवता येतो आणि शटर अर्धा सेकंद उघडे ठेवता येते. स्थिर वस्तूला वेळ देऊन प्रकाशाची कमतरता भरून काढता येते. म्हणून मालाच्या फोटोसाठी मोठा सेन्सर हवाच, असे नाही.

सतारीचे उदाहरण

मिरजेची सतार घेऊ. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यामुळे दूरच्या गिऱ्हाइकाची नजर या मालाकडे अधिक वळणार हे उघड आहे. सतार चार फूट लांब, एका टोकाला गोल भोपळा, वर चकचकीत पॉलिश, कडेने बारीक नक्षी. फोटो काढायला याहून अवघड वस्तू थोड्याच असतील.

मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. फिल्म कॅमेऱ्याच्या भाषेत सुमारे २६ मिलिमीटरची. तिने चार फुटी सतार चौकटीत भरायची तर तीन फुटांवर उभे राहावे लागते. इतक्या जवळून चौकटीच्या कडेला आलेला भोपळा ताणल्यासारखा दिसतो आणि मोबाइल थोडा कलला की दांडीही तिरकी वाटते. जाणकार खरेदीदाराला वाद्याच्या बांध्याविषयीच शंका येते. तीच सतार ७५ मिलिमीटरच्या झूमने घेतली, तर आठ-सव्वाआठ फूट मागे जाता येते आणि वाद्य प्रमाणात दिसते. खरा झूम म्हणजे लेन्सचा झूम. पडद्यावर चित्र मोठे करणे हा झूम नव्हे. खिशातल्या कॅमेऱ्याला असा झूम असतो, आणि ज्या मोबाइलला वेगळी झूम लेन्स नाही, त्याच्यावर तो येथे मात करतो.

दुसरा फायदा सहसा कोणी सांगत नाही. सेन्सर लहान असला की पुढचे आणि मागचे दोन्ही भाग आपोआप स्पष्ट येतात. घोडीपासून खुंट्यांपर्यंत सगळे साफ दिसते. मिररलेसवर छिद्र मोठे ठेवले तर घोडी स्पष्ट आणि मागची नक्षी धूसर, असे होते. जाहिरातीत ते छान दिसेल, पण खरेदीदाराला सगळी वस्तू पाहायची असते. तेव्हा मिररलेसचे छिद्र एफ/११ किंवा एफ/१३ पर्यंत बारीक करावे लागते आणि ट्रायपॉड घ्यावाच लागतो.

मग मिररलेस सरस कोठे? पॉलिशवरची चकाकी काढण्यात. लेन्सपुढे पोलरायझर नावाची काच फिरवून बसवली, तर योग्य कोनातून पॉलिशवरची आणि काचेवरची चकाकी बरीच कमी होते आणि आतले लाकूड दिसते. ही काच बसवायला मिररलेसच्या लेन्सला आटे असतात, खिशातल्या कॅमेऱ्याला सहसा नसतात. मात्र तांब्या-पितळेच्या भांड्यावर किंवा चांदीवर ही काच चालत नाही, धातूची चकाकी तिने जात नाही. तेथे उजेड आणि माल यांच्यामध्ये पांढरे पातळ कापड ताणून लावावे. हा उपाय स्वस्त आहे आणि कोणत्याही कॅमेऱ्याला चालतो. खिशातल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश मात्र बंदच ठेवावा. तो लेन्सला चिकटून असल्याने पॉलिशवर पांढरा डाग पडतो.

कापड, नगिने आणि लग्नसमारंभ

औरंगाबादचे, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचे हिमरू कापड घ्या. सूत आणि रेशीम यांच्या विणीमुळे त्याचा रंग पाहण्याच्या कोनाप्रमाणे बदलतो. कापडवाल्याची खरी अडचण रंगाची असते. अर्धा उजेड खिडकीचा आणि अर्धा ट्यूबचा असला की कोणताही कॅमेरा गोंधळतो. फोटोच्या वेळी दिवे बंद करून एकच उजेड ठेवावा आणि पांढरा समतोल त्या उजेडात कोरा पांढरा कागद दाखवून हाताने ठरवावा. मिररलेसमध्ये 'रॉ' नावाची कच्ची फाइल मिळते, तिच्यातला रंग नंतर संगणकावर नीट बसवता येतो. बहुतेक अल्ट्राकॉम्पॅक्टमध्ये ही सोय नसते. ज्याच्याकडे रोज नवे रंग येतात आणि संगणकावर बसणारा माणूस आहे, त्याला हा फरक मोलाचा. ज्याच्याकडे असा माणूस नाही, त्याच्यासाठी रॉ फाइल म्हणजे न उघडलेले पोते.

नगिने, अंगठ्या आणि बारीक नक्षीकाम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. लहान कॅमेरा अगदी जवळून फोटो घेतो हे खरे, पण इतक्या जवळ नेला की त्याचीच सावली नगावर पडते. मिररलेसला मॅक्रो लेन्स लावली तर थोडे दूर राहून नग मोठा टिपता येतो. या धंद्यात मिररलेस आपली किंमत वसूल करतो.

आणि ज्या तरुणांना फोटोग्राफीचाच धंदा करायचा आहे, त्यांनी खिशातल्या कॅमेऱ्याचा विचार करू नये. निकाह असो वा वलिमा, तो क्षण पुन्हा येत नाही. हलती माणसे, कमी उजेड आणि एकदाच मिळणारी संधी, या तिन्ही ठिकाणी लहान सेन्सर कमी पडतो. असे काम घेणाऱ्याने शक्यतो दोन कार्ड बसणारा कॅमेरा पाहावा आणि जोडीला दुसरा कॅमेरा ठेवावा. एक बंद पडला तर यजमानाला सांगायला तोंड राहत नाही.

खर्चाचा हिशेब

मिररलेसची किंमत म्हणजे नुसत्या अंगाची किंमत नव्हे. लेन्स, जादा बॅटरी, कार्ड, ट्रायपॉड आणि पिशवी धरून बेरीज करावी. समजा सगळे मिळून ६०,००० रुपये झाले आणि तीन वर्षे वापरायचे ठरले, तर महिन्याला १,६६७ रुपये पडतात. आता स्वतःला विचारावे की या कॅमेऱ्यामुळे महिन्याला निदान तितका जादा नफा येईल का? किंवा परत येणाऱ्या मालाचे तितके भाडे वाचेल का? उत्तर होय असेल तर खुशाल घ्यावा. नसेल, तर तेच पैसे लाकूड, सूत किंवा चांदी घेण्यात लावलेले बरे. कारागिराचे खेळते भांडवल कॅमेऱ्यात अडकले आणि ऐन हंगामात कच्च्या मालाला पैसा उरला नाही, तर सुंदर फोटो दाखवून विकायचे काय?

जुना कॅमेरा घेताना मिररलेसचे शटर किती वेळा चालले आहे ते विचारावे. खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स चार-पाच वेळा उघडून-मिटून पाहावी, आवाज येत असेल तर घेऊ नये. कारखान्यात भुसा किंवा सुताची तूस उडते. आतबाहेर होणारी लेन्स ती धूळ आत ओढते आणि ती साफ करून घेणे कधीकधी कॅमेऱ्याहून महाग पडते. मिररलेसची लेन्सही कारखान्यात बदलू नये, कारण त्या वेळी सेन्सर उघडा पडतो.

बिलाशिवाय कॅमेरा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. हमीच्या कामाला बिलच लागते. ज्यांची नियमित जीएसटी नोंदणी आहे त्यांनी बिलावर आपला क्रमांक घालून घ्यावा. कॅमेरा धंद्यासाठी वापरला तर त्यावरच्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना ती मिळत नाही. आपल्या हिशेबनीसाला आधी विचारून घ्यावे.

आमची शिफारस

आधी हातातल्या मोबाइलने, खिडकीच्या उजेडात, ट्रायपॉड लावून एक महिना फोटो काढून पाहावेत. ट्रायपॉड आणि पांढरे कापड यांचा खर्च थोडा आहे आणि पुढे कोणताही कॅमेरा घेतला तरी ते कामाला येतात. एवढ्याने गिऱ्हाइकाचे समाधान होत असेल तर नवीन काहीच घेऊ नये. माल लांब किंवा मोठा असून त्याचा आकार बिघडतो, मोबाइलला झूम लेन्स नाही आणि दुकानातल्या कोणाही मुलाला चालवता येईल असे साधन हवे, तर खिशातला कॅमेरा पुरे. तो घेतानाही झूम पाहावा, मेगापिक्सेल पाहू नये. माल चकचकीत किंवा फार बारीक आहे, रंगाची तक्रार वारंवार येते, फोटोचे काम रोजचे आहे आणि ते शिकून घेणारा माणूस घरात आहे, तर मिररलेस घ्यावा. त्यात कॅमेऱ्याच्या अंगावर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करावा. अंग चार वर्षांत जुने होते, चांगली लेन्स पुढच्या कॅमेऱ्यालाही लागते, मात्र पुढचा कॅमेराही त्याच जोडणीचा घ्यावा.

शेवटी, कॅमेरा कोणताही असो, मालातला दोष लपवण्यासाठी तो वापरू नये. भोपळ्याला तडा असेल, विणीत गाठ असेल, तर तिचाही फोटो पाठवावा आणि त्याप्रमाणे किंमत सांगावी. तसे केले तर माल परत येत नाही आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागणी पाठवताना फोटोही मागत नाही.