लाकडी जाळीकाम : फावल्या वेळाचा छंद आणि भेटीची वस्तू

लाकूडकाम म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे रंधा, पटाशी, भली मोठी करवत आणि घामाघूम झालेला सुतार उभा राहतो. आणि हे काम आपले नव्हे, असा निवाडा आपण मनाशी करून टाकतो. परंतु याच कामाची एक शाखा अशी आहे की, तिला ना मोठी जागा लागते ना मोठे बळ. पातळ फळीवर नक्षी काढावयाची, तिच्यातील मोकळ्या जागा अगदी बारीक पात्याच्या करवतीने कापून काढावयाच्या आणि उरलेल्या लाकडाची जाळी घडवावयाची, एवढेच तिचे स्वरूप. शाळेतील हस्तव्यवसायाच्या तासाला पुष्कळांनी ते 'फ्रेटवर्क' या नावाने पाहिले असेल. आज याच कामासाठी विजेवर चालणारे 'स्क्रोल सॉ' नावाचे छोटे यंत्रही मिळते. या छंदाचे मर्म काय आणि त्यातून आपल्या माणसांना देण्याजोगे काय घडते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

वसईकरांना लाकूड परके नाही. सोळाव्या शतकात आपले आगाशी हे इमारती लाकडाच्या व्यापारासाठी आणि जहाजबांधणीसाठी नावाजलेले बंदर होते. पूर्वेच्या डोंगरात साग आणि ऐन, पश्चिमेला समुद्र; तेव्हा सुतारांच्या हातांना येथे काम कमी नव्हते. तुंगारेश्वरचे रान २००३ पासून अभयारण्य आहे आणि आपण आता लाकूड आणतो ते वखारीतून. पण जाळीकामाची आवड जुनी आहे. जुन्या घरांच्या पडवीला, पागोळ्यांच्या वर, कातीव फळ्यांची झालर लावण्याची पद्धत होती. ज्यांना ते काम निवांत पाहावयाचे असेल त्यांनी गिरगावातील खोताच्या वाडीत एक फेरी मारावी. तेथील घरांच्या सज्जांवरची लाकडी जाळी हा या विद्येचा उघडा ग्रंथच आहे.

हे हत्यार मूळचे युरोपातले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत अतिशय बारीक पात्याची करवत वापरात आली आणि लाकडातून वेडीवाकडी वळणे कापणे शक्य झाले. पुढे चौदाव्या लुईच्या दरबारातील आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या कारागिराच्या नावाने एक युक्ती प्रसिद्ध झाली. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचा पातळ तुकडा एकावर एक ठेवून दोन्ही एकदमच कापावयाचे. मग पितळेची नक्षी कासवाच्या तुकड्यात आणि कासवाची पितळेत अचूक बसते. आजचा हौशी माणूसही तीन-चार पातळ फळ्या एकत्र चिकटपट्टीने बांधून एकदाच कापतो आणि एका बैठकीत चार सारख्या वस्तू मिळवतो. तो नकळत त्याच वाटेने चालत असतो.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. हातकरवतीची कमान इंग्रजी 'यू' अक्षरासारखी असते. तिच्या दोन टोकांत सुमारे तेरा सेंटिमीटर लांबीचे, जाड दोऱ्यासारखे पाते ताणून बसवितात. पात्याचे दात खाली, मुठीच्या दिशेला असतात. म्हणून करवत खाली ओढताना कापते, वर जाताना नाही. टेबलाच्या कडेला मध्ये खाच असलेली एक फळी घट्ट बसवावयाची, लाकूड तीवर ठेवावयाचे आणि करवत उभी ठेवून सावकाश वर-खाली करावयाची. वळण आले की करवत वळवावयाची नाही, लाकूड फिरवावयाचे. यंत्रात पाते दोन भुजांमध्ये ताणलेले असते आणि ते आपण होऊन वर-खाली होते. दोन्ही हात लाकूड फिरविण्यास मोकळे राहतात, एवढाच फरक. नवशिका पाती पुष्कळ मोडतो. पाते सैल असणे किंवा लाकूड दांडगाईने पुढे रेटणे, ही त्याची दोन मुख्य कारणे होत. नीट ताणलेल्या पात्याला बोटाने छेडले तर तारेसारखा स्पष्ट नाद येतो.

नक्षीच्या आतली जागा कापावयाची तर करवत कडेने आत नेता येत नाही. म्हणून त्या जागेत गिरमिटाने बारीक भोक पाडतात, पात्याचे एक टोक सोडवून ते भोकातून ओवतात, पुन्हा ताणून बसवितात आणि मग कापू लागतात. नक्षीत चाळीस मोकळ्या जागा असतील तर हा सोपस्कार चाळीस वेळा करावयाचा. आतले भाग आधी आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी कापावी, म्हणजे अखेरपर्यंत हातात धरावयास भक्कम लाकूड राहते.

जाळीकामाचा खरा नियम मात्र हत्यारात नसून आराखड्यात आहे. जो भाग शेजारच्या लाकडाशी कोठे तरी जोडलेला नाही, तो कापताक्षणी गळून पडतो. कागदावर चित्र काढताना डोळ्याची बुबुळे चेहऱ्यात अधांतरी राहू शकतात. लाकडात ती राहणार नाहीत. त्यांना पापणीशी जोडणारा एखादा सेतू ठेवावाच लागतो. म्हणून येथे काय कापावे यापेक्षा काय राखावे, याचाच विचार आधी करावा लागतो. सोपी परीक्षा अशी : आराखड्यात जे लाकूड राहणार ते पेन्सिलीने काळे करावे आणि एका टोकापासून निघून, काळ्या भागावरूनच बोट फिरवीत, सर्वत्र पोहोचता येते का ते पाहावे. बोट कोठे उचलावे लागले तर तेथे सेतू हवा.

या बाबतीत आपल्या लिपीने आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. रोमन लिपीत नाव कापावयाचे तर अक्षरे सुटी पडतात. ती मागच्या फळीवर एकेक चिकटवावी लागतात. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते. 'वसई' हा शब्द घ्या. 'व'च्या पोटात एक भोक, 'स'च्या मध्ये एक भोक आणि 'ई'चा रफार शिरोरेषेलाच जोडलेला. सबंध शब्द एकाच तुकड्यात निघतो. 'ग', 'ण', 'श' यांचे दोन वेगळे भागही रेषेला लोंबकळून सुरक्षित राहतात. अडचण येते ती अनुस्वाराची. तो बिंदू हवेत तरंगतो, म्हणून त्याला बारीक देठ ठेवून रेषेशी जोडावे लागते. शिरोरेषा मात्र जरा जाड ठेवावी. सगळा भार तिच्यावर असतो. दारावरची नावाची पाटी ही या छंदातील पहिली भेट म्हणून फार चांगली. नव्या घरात राहावयास गेलेल्या स्नेह्याला ती जितकी उपयोगी पडते तितके एखादे शोभेचे भांडे पडत नाही.

आपल्या भागात या कामाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. गणपतीसाठी थर्माकोलचे मखर आणावयाचे, दीड किंवा पाच दिवस वापरावयाचे आणि टाकून द्यावयाचे, असा प्रघात पडला होता. तो कचरा कुजत नाही. तळी, खाड्या आणि किनारे यांच्या माथी येतो. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली. बंदीने एक वस्तू नाहीशी होते, तिची जागा घेणारी आपोआप येत नाही. ती कोणी तरी घडवावी लागते. सहा मिलिमीटर प्लायवुडच्या तीन जाळीदार भिंती, वर कमान आणि कोपऱ्यांत एकमेकींत बसणाऱ्या खाचा, एवढ्यात मखर उभे राहते. खिळा नको, सरस नको. विसर्जनानंतर ते सुटे करून कपाटामागे सपाट ठेवावे. पुढल्या वर्षी पुन्हा उभे. खाचेची रुंदी फळीच्या जाडीइतकीच हवी. मात्र ती छापील आकड्यावरून न घेता प्रत्यक्ष फळी मोजून घ्यावी. हीच रचना नाताळच्या गोठ्यासाठी चालते. मेंढपाळ, उंट, तारा ही चित्रे दीड-दोन सेंटिमीटर जाड लाकडातून कापली तर आपल्या पायांवर उभी राहतात. एकाच करवतीखालून भाद्रपदात मखर आणि डिसेंबरात गोठा निघावा, ही गोष्ट वसईसारख्या ठिकाणी सहज घडण्याजोगी आहे.

मुलांसाठी द्यावयाची वस्तू म्हणजे नकाशाचे कोडे. सन १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी याने लाकडावर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला आणि मुलांना भूगोल शिकविण्यासाठी विकला. आजच्या चित्रकोड्यांचा हा उगम मानतात. आपल्याला दूर जावयास नको. १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्याचे आठ तालुके आहेत : वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा. आठ तुकडे म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाला पेलणारे कोडे. जोडण्याचा नियम येथे मुद्दाम मोडावयाचा, म्हणजे तुटलेले जोडण्याचे काम मुलाकडे जाते. आणि जव्हारला लागून मोखाडा आहे हे त्याच्या बोटांना कळते.

सामानाविषयी थोडे. आरंभ चार मिलिमीटरच्या चांगल्या प्लायवुडवर करावा. साग देखणा खरा, पण त्यात वाळूसारखे कठीण कण असतात, त्यांनी पाती लवकर बोथटतात. शिवण मऊ आणि कापावयास सुखाची. पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेत पातळ फळ्या वाकतात. त्या उभ्या न ठेवता वजनाखाली सपाट ठेवाव्यात आणि खाऱ्या वाऱ्याने गंजणाऱ्या पात्यांना तेलाचे बोट लावावे. घासण्यास काचकागद आणि शेवटी स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडी लाख किंवा जवसाचे तेल पुरे. तेलाने भिजलेली चिंधी बोळा करून टाकू नये. ती आपोआप पेटू शकते.

सर्वांत महत्त्वाची सूचना भुशाविषयीची. हा भुसा इतका बारीक असतो की तो दिसण्याआधी श्वासात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. तेव्हा बंद खोलीत, पंखा लावून हे काम करू नये. खिडकीजवळ किंवा गॅलरीत बसावे, नाकावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा आणि भुसा झाडूने न उडविता ओल्या फडक्याने टिपावा.

एक आक्षेप उरतो. लेझरचे यंत्र हीच जाळी काही मिनिटांत कापून देते, मग हा खटाटोप कशाला? आक्षेप खरा आहे. शंभर सारख्या वस्तू हव्या असतील तर लेझरकडेच जावे. पण भेट शंभरांना द्यावयाची नसते. हातकामात प्रत्येक वळणावर करणाऱ्याला ठरवावे लागते आणि त्या वेळात दुसरे काही करता येत नाही. मन भरकटले की पाते मोडते. विरारची गाडी पकडण्यात आणि तीत उभे राहण्यात ज्याचे दिवसाचे तीन-चार तास जातात, त्याच्याजवळ दुर्मीळ असते ते पैशापेक्षा असे अखंड अवधान. तेच तो दुसऱ्याला देतो, म्हणून ती भेट. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवण्याचा आग्रह धरला, तो हाताने केलेल्या कामातून बुद्धीही घडते म्हणूनच.

ज्यांना करून पाहावेसे वाटेल त्यांनी यंत्राची घाई करू नये. एक हातकरवत, दोन डझन पाती, गिरमिट आणि वखारीतील उरलेसुरले प्लायवुड एवढ्यावर आरंभ करावा. प्रथम सरळ रेघ, मग वर्तुळ, मग आपले नाव. वैशाखात सुरुवात केली तर भाद्रपदापर्यंत चार महिने हाताशी आहेत. रोज अर्धा तास दिला तर यंदाचे मखर घरचे होईल.